आप्पांच्या निकालाविरुद्ध

काकाला ते आंघोळ करताना आठवलं. डोक्यावर अर्धा फेस तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून तो बाहेर आला आणि त्याने पुतणीला फोन लावला.

"तायडे, तुझी प्रुफं आप्पांकडे गेली."

"माझी म्हणजे कुठली?"

"तुझी म्हणजे तुझीच. उद्याची. बासष्ट पानं."

रविवारची सकाळ होती, तायडी खिडकीत बसून त्याच बासष्ट पानांची स्वतःची प्रत तिसऱ्यांदा वाचत होती. तिने प्रत मिटून मांडीवर ठेवली.

"शुक्रवारी पाच गठ्ठे घेऊन गेलो आप्पांकडे, नेहमीसारखे," काका काकुळतीला येऊन सांगत होता. "त्यात हा पण गेला. हातच सवयीने चालतो गं. मी नाव वाचलंच नाही."

असला घोळ याच घरात होऊ शकला असता. काकाचा छापखाना कोर्टाची कागदपत्रं छापायचा, आणि निवृत्त झाल्यापासून आप्पा त्या सगळ्या कागदांची प्रुफं तपासायचे. वय चौऱ्याऐंशी, चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलतो, पण चुकलेली वेलांटी त्यांच्या तावडीतून सुटत नाही. निवृत्त न्यायाधीशाने खटल्यांवर तोंड उघडू नये, असं ते म्हणायचे, पण स्वल्पविरामावर बोलायला कुठल्याही कायद्याने बंदी केलेली नाही. कोण कोणाविरुद्ध भांडतंय याकडे ते बघतसुद्धा नसत. या खेपेला मात्र न बघून चालण्यासारखं नव्हतं, कारण बासष्ट पानांत त्यांची नात त्यांच्याच निकालाविरुद्ध भांडत होती.

निकाल एकोणतीस वर्षांपूर्वीचा. तेव्हाच्या विधिमंडळाने भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी एक स्वतंत्र मंडळ नेमलं होतं, सरकारच्या हाताखाली नसलेलं. आप्पांच्या पीठाने तो कायदा घटनेत बसत नाही म्हणून मुळासकट रद्द केला आणि मंडळाच्या दाराला दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. आता नवा कायदा झाला होता, नवा आयोग नेमला गेला होता, आणि ज्यांची चौकशी सुरू झाली ते सगळे आप्पांचा निकाल छातीशी धरून कोर्टात धावले होते. उद्या सात न्यायमूर्ती बसणार होते. आयोगाची बाजू तायडीच्या सिनियरने मांडायची, पण ते जिन्यावरून घसरून पाय मोडून बसले आणि दोन आठवड्यांपूर्वी सगळं तायडीच्या गळ्यात आलं.

दोन आठवडे तिने आप्पांना सांगितलं नव्हतं. घरात त्या निकालाचा विषय कधी निघतच नसे. आप्पा दुखावले तर कागद परत करून खटला सोडायचा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मग आयोगाची बाजू कोणीतरी उभं राहून वाचून दाखवली असती. वाचून दाखवलेली बाजू हरते, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. आणि या वेळी हरली तर पुढची तीस वर्षं असला कायदा करायची कोणाची छाती झाली नसती.

"अजून वाचलं नसेल," काका म्हणाला. "पाच गठ्ठे आहेत. चल लवकर, जेवायच्या आधी काढून आणू."

आप्पा आत्याकडे राहायचे. आत्या म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि अजूनही दार उघडताना आलेला माणूस वेळेवर आला की नाही हे आधी बघणारी. दर रविवारी सगळे तिच्याकडे जेवायला जमत. तायडी आणि काका पोचले तेव्हा तायडीचे बाबा सोफ्यावर पेपर धरून बसले होते. ते रस्ते-पुलांच्या खात्यात इंजिनियर होते आणि आयोग नेमला गेल्यापासून त्यांचं वजन तीन किलोने उतरलं होतं, असं ते स्वतःच सांगत.

"माझं विचाराल तर आप्पांना कळलेलं बरं," सगळी भानगड ऐकल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले. "एवढा चांगला निकाल. माझ्यासारख्या गरिबाला तेवढाच आधार."

"दादा, तू फक्त त्यांना पाच मिनिटं गच्चीत ने," काका म्हणाला. "कुंड्या दाखव."

"मला कुंड्यांतलं काय कळतं?"

"नसेल कळत. दाखव."

बाबा उठले. आतून त्यांचा आवाज आला, "आप्पा, ते कोपऱ्यातलं झाड वाळतंय की काय?" आणि मग चपला फरपटत गच्चीकडे गेल्या. काका मांजराच्या पावलांनी आप्पांच्या खोलीत शिरला. तायडी दारात पहारा देत उभी राहिली, आणि आपण सदतीस वर्षांच्या वकील आहोत याची तिला मनापासून लाज वाटली. काका परत आला तेव्हा त्याच्या शर्टाखाली पोट एकदम मोठं झालेलं होतं.

"ते नको नेऊस," मागून आप्पांचा आवाज आला. "ते धरणाच्या भरपाईचं आहे. त्यात अजून बारा पानं बघायची राहिलीत."

काका जागच्या जागी थिजला. आप्पा गच्चीत गेलेच नव्हते, गेल्या त्या बाबांच्या चपला. जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर निळ्या कव्हराचा गठ्ठा, हातात शिसपेन्सिल. त्यांच्या मागे गच्चीच्या दारात बाबा हताश होऊन उभे होते.

"म्हणाले, झाड प्लास्टिकचं आहे," बाबांनी खुलासा केला.

"बस, तायडे," आप्पा म्हणाले. "वाचलं मी. दोनदा."

तायडी बसली. सांगायचं सगळं तिने दोन आठवडे घोकलं होतं, त्यातला पहिला शब्दसुद्धा आठवेना.

"सतरा चुका आहेत. त्यातल्या अकरा तुझ्या काकाच्या, सहा तुझ्या. ते जाऊ दे. 'अत्यंत आदरपूर्वक' हे तू एकतीस वेळा लिहिलंयस. मोजलं मी. एवढा आदर या घरात मला आजवर कोणी दिलेला नाही."

स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी आत्या मोठ्याने हसली.

"आप्पा, मी कागद परत करते," तायडी म्हणाली. "आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"का परत करतेस?"

"तुमच्याविरुद्ध कसं उभं राहू?"

"माझ्याविरुद्ध कोणी सांगितलंय उभं राहायला? निकालाविरुद्ध उभी राहा. मी सही केली त्या दिवशी तो माझा राहिला नाही." आप्पांनी पानं उलटली. "माझी तक्रार वेगळीच आहे. बासष्ट पानांत तू एकदाही म्हटलेलं नाहीस की निकाल चुकीचा आहे. 'पुनर्विचारास पात्र'. 'बदलता काळ पाहता'. हे काय? सात माणसं समोर बसणार. त्यातला एक जण विचारणारच, बाई, चूक आहे की नाही ते सांगा. तेव्हा काय सांगणार आहेस, काळ बदलला?"

तायडीने निळा गठ्ठा आपल्याकडे ओढला.

"उठा रे," आप्पा दोन्ही मुलांना म्हणाले. "खुर्च्या तिकडे लावा. तुम्ही दोघं आणि तुमची बहीण, तिघांचं पीठ. मी आयोगाच्या विरुद्ध बोलतो. ही आयोगाच्या बाजूने."

"जेवण?" काकाने विचारलं.

"न्यायालय जेवायला उठणार नाही," आत्या हात पुसत बाहेर येऊन म्हणाली आणि मधल्या खुर्चीत बसली. कोणी मधे बसवलं, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

आप्पा उभे राहिले. टेबलाची कड धरावी लागली, पण एकदा उभे राहिल्यावर आवाज मात्र निवृत्त झालेला वाटत नव्हता.

"घटनेने तीन घरं बांधली," ते म्हणाले. "कायदे करणारं, कारभार करणारं, न्याय देणारं. चौकशी करणं, खटला भरणं हा कारभार. तो सरकारने करायचा आणि विधिमंडळात उभं राहून त्याचा जाब द्यायचा. आयोगाच्या या पाच आयुक्तांना लोकांनी निवडलेलं नाही, सरकार त्यांना काढू शकत नाही, विधिमंडळ त्यांना बोलावू शकत नाही. ते कोणाला जाब देणार?"

"न्यायमूर्ती आणि निवडणूक आयुक्त तरी सरकारला कुठे जाब देतात?" तायडी म्हणाली.

"त्यांना घटनेनेच नेमलंय. तुमचा आयोग साध्या कायद्याने आलाय. विधिमंडळाला चौथं घर बांधायचं असेल तर आधी घटना बदला. साध्या बहुमताने नवीन घर बांधता येत नाही."

"बरोबर आहे," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"न्यायमूर्तींनी सुनावणी संपायच्या आधी मत देऊ नये," आत्याने दम दिला.

तायडी आता उभी होती. कधी उभी राहिली ते तिलाही कळलं नाही. "हे चौथं घर नाहीच. सरकारचे चौकशीचे अधिकार सरकारकडेच आहेत. आयोग फक्त एका ठिकाणी येतो, जिथे चौकशी सरकारमधल्याच माणसांची आहे. आज काय होतं? ज्याची चौकशी, त्याच्याच हातात चौकशी करणाऱ्याची बदली. स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे घटनेच्या एका कलमात सापडणार नाही, ते सगळ्या घटनेत आहे. आणि जाबाचं म्हणाल तर आयोगाचा अहवाल दर वर्षी विधिमंडळापुढे जातो, प्रत्येक आदेशाला कोर्टात आव्हान देता येतं, आणि आयुक्ताला काढायचं तर तीन न्यायमूर्तींची समिती आहे. सरकारला घाबरायचं नाही म्हणजे कोणालाच जाब द्यायचा नाही, असं होत नाही."

"आणि मी?" बाबांना राहवेना. "पुलाच्या कागदावर सही करताना हात थरथरतो माझा. कोणी निनावी चिठ्ठी टाकली की झाली चौकशी. मग फायली हलणार कशा?"

"निनावी तक्रार घ्यायचीच नाही, कलम बारा. आणि निर्णय चुकला म्हणून चौकशी होत नाही, स्वतःचा फायदा करून घेतला असं प्रथमदर्शनी दिसलं तरच. कलम चौदा."

बाबांनी डोळे बारीक केले. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दोन आठवडे आयोगाला शिव्या घालताय बाबा. मधे श्वास घेतला असतात तर सांगितलं असतं."

बाबांनी खुर्ची तायडीच्या बाजूला जराशी सरकवली. तेवढ्याने पीठाचा कौल कुठे झुकतोय ते सगळ्यांना कळलं.

आप्पांना मात्र त्याचं काही वाटलं नाही. ते याचीच वाट बघत असावेत. "छान," ते म्हणाले. "स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश नको. मान्य. आता कलम सदतीस वाच."

तायडीला कलम पाठ होतं.

"आयोग चौकशी करणार," आप्पा सावकाश म्हणाले. "आयोगच आरोप ठेवणार. आणि सदतीसाव्या कलमाखाली आयोगच माणसाला नोकरीतून काढायची शिक्षाही देणार. पकडणारा, आरोप करणारा, निवाडा देणारा एकच. तुझंच तत्त्व आहे, मी फक्त तुझ्याच कायद्याला लावून दाखवलं."

काकाने खाकरून घसा साफ केला. आप्पांचा जुना निकाल याच मुद्द्यावर उभा होता आणि हा मुद्दा खरा होता. तायडीने बासष्ट पानांत त्याला वळसा घातला होता. चव्वेचाळिसाव्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं की कायदा अखंड आहे, त्यातलं एकही कलम वेगळं काढता येणार नाही. सिनियरने तसं सांगितलं होतं. कमीपणा घ्यायचा नाही म्हणून.

तिने हात पुढे केला, आप्पांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि चव्वेचाळिसावा परिच्छेद वरपासून खालपर्यंत खोडला.

"कलम सदतीस मी सोडते," ती म्हणाली. "ते वाईट आहे. ते गेलं तरी बाकीचा कायदा उभा राहतो. शिक्षा कोर्ट देईल. चौकशी आणि खटला आयोगाकडे राहू दे."

"उत्तम," आप्पा म्हणाले आणि खाली बसले. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. पण तायडी उभीच होती, हातात पेन्सिल तशीच.

"आप्पा, जुन्या कायद्यातही असंच एक कलम होतं ना?"

"होतं. एकविसावं."

"मग तेवढंच का नाही काढलंत? त्या एका कलमासाठी सगळा कायदा का पाडलात?"

हा प्रश्न या घरात कधी कोणी विचारला नव्हता. काकाने शर्टाखालचा धरणाच्या भरपाईचा गठ्ठा अलगद काढून मांडीवर ठेवला. आप्पांनी चष्मा उतरवला, पुसला, परत घातला.

"मला कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "तीन दिवस सुनावणी चालली. सरकारी वकील रोज एकच सांगायचे, कायदा एकसंध आहे, ठेवायचा तर सगळा ठेवा, टाकायचा तर सगळा टाका. मला वाटलं, केवढा ठाम माणूस. निकाल दिला त्या दिवशी सरकार हरलं आणि तो वकील हसत हसत जिना उतरून गेला. मी खिडकीतून बघितलं. तेव्हा कळलं की सरकारला तो कायदा पडायलाच हवा होता. लोकांना दाखवायला केलेला कायदा, आणि पाडायला मी होतोच."

"तुमची काय चूक त्यात?" बाबा म्हणाले. "वकिलाने फसवलं."

"वकिलाने नाही विचारलं तर न्यायाधीशाने विचारायचं असतं. तेच त्याचं काम. कलम वाईट होतं ते मला दिसलं, आणि आपल्याला बरोबर दिसलं याचं मला इतकं बरं वाटलं की मी तेवढ्यावरच थांबलो."

उभ्या आयुष्यात तायडीने आप्पांना इतकं साधं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि ते आपल्यापाशी बोलले याचा तिला अभिमानही वाटला आणि वाईटही वाटलं.

"हे तुम्ही मला तेव्हा सांगायचं होतंत," आत्या म्हणाली. "माझ्या शाळेचं छत गळत होतं. त्या कंत्राटदाराची चौकशी त्याच मंडळाकडे होती. तीन महिने मी तुमच्याशी बोलले नाही."

"बोलत नव्हतीस, म्हणूनच नाही सांगितलं. घरात फार शांतता होती. मला आवडली होती."

आत्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. तिने डोळे पदराने टिपले आणि न्यायालय जेवणासाठी उठत असल्याचं जाहीर केलं.

जेवताना तायडी म्हणाली, "तुम्ही आत्ता सांगितलंत ते मला उद्या बोलता येणार नाही."

"नाहीच बोलायचं. घरातलं घरात. पण निकाल नीट वाच. कलम वेगळं काढता येईल का, हा प्रश्न मी त्यात घेतलेलाच नाही. न घेतलेला प्रश्न कागदावर दिसतो, फक्त बघणाऱ्याला. तो तुझा मुद्दा. नवीन चव्वेचाळिसावा परिच्छेद तिथून सुरू कर. मी लिहून देणार नाही."

"आणि तुमची हरकत नाही?"

आप्पांनी घास खाली ठेवला. "हरकत आहे की. चारशेच्या वर निकाल दिले मी. त्यातला हा एकच लोकांना माहीत आहे, बाकीचे मलाही आठवत नाहीत. तो गेला की माझं नाव पुस्तकातून गेलं. वाईट वाटेल मला, चांगलं आठवडाभर वाटेल. पण न्यायाधीशाला वाईट वाटतं हे काही कायदा चुकीचा ठेवायचं कारण नाही." मग त्यांनी काकाकडे मोर्चा वळवला. "छापखाना उघड. अकरा चुका तुझ्या आहेत."

दुपारी तीनला छापखान्याचं शटर वर गेलं. तायडी कॉम्प्युटरशी बसून नवा परिच्छेद लिहीत होती, बाबा तिच्या मागे उभं राहून कलम बारा अजून ठळक अक्षरात घे असा आग्रह धरत होते, आणि आप्पा यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून बाहेर पडणारं प्रत्येक पान उचलून वाचत होते. 'अत्यंत आदरपूर्वक' एकतीसचं चारवर आलं. साडेपाचला चौदा प्रती बांधून झाल्या.

"उद्या मी पण येणार," निघताना आप्पा म्हणाले.

"निवृत्तीनंतर तुम्ही कोर्टात पाऊल ठेवलेलं नाही, आप्पा."

"म्हणून तर. मी नाही आलो तर लोक म्हणतील, म्हातारा रुसून घरी बसला."

सोमवारी सकाळी मोठ्या दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. आत्याने आपल्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात तिसऱ्या रांगेतल्या चार वकिलांना सरकायला लावलं आणि आप्पांना मधे बसवलं. बाजूला बाबा, पलीकडे काका. सात न्यायमूर्ती आले, सगळे उभे राहिले, बसले. आयोगाविरुद्धच्या वकिलांनी दीड तास आप्पांचा निकाल वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज भक्तिभावाने भरून येत होता.

मग तायडीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली.

"एकोणतीस वर्षांपूर्वीचा निकाल चुकीचा आहे," ती म्हणाली. "कलमाबद्दल बरोबर होता, कायद्याबद्दल चुकीचा."

दालनात कुजबुज झाली. मुख्य न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलबाई, वकिलांच्या दोन पिढ्या हा निकाल शिकून उभ्या राहिल्या. तुम्ही पहिल्याच वाक्यात चुकीचा म्हणता. तो कोणाचा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माझ्या आजोबांचा. न्यायालयाला हे आधी सांगणं माझं कर्तव्य आहे. ते इथे मागे बसलेत."

सातही न्यायमूर्तींनी एकदम तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आप्पांनी उजवा हात वर केला, वर्गात हजेरी देतात तसा.

मुख्य न्यायमूर्तींनी कोरा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "कुठे चुकला, ते सांगा."

तायडीने मागे वळून बघितलं नाही. ती सांगू लागली.